मुलांचा ताप: कोविड की फ्लू? पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

ताप, खोकला, वाहणारं नाक आणि मांडीवरून खाली न उतरणारं मूल. अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो तो हाच: कोविड आहे की फ्लू? खालची उत्तरं एरवी निरोगी असणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मुलाला हृदयाचा, फुप्फुसाचा, मूत्रपिंडाचा किंवा रोगप्रतिकारशक्तीचा जुना आजार असेल तर हे वाचत बसण्याआधी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा.

## नुसती लक्षणं बघून ओळखता येतं का?

नाही. अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि मुलाकडे बघून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तोही अंदाजच असतो. कोविडचा विषाणू आणि फ्लूचे विषाणू वेगवेगळ्या कुळांतले, पण दोन्ही नाका-घशातून शिरतात आणि श्वसनमार्गाच्या अस्तरात वाढतात. ताप, अंगदुखी, मलूलपणा ही लक्षणं तर बरीचशी आपल्याच शरीराच्या प्रतिकाराची असतात, त्यामुळे विषाणू कोणताही असो, मूल साधारण सारखंच दिसतं.

फोनवर फिरणारे ‘कोविडला हे होतं, फ्लूला ते होतं’ छापाचे तक्ते बाजूला ठेवा. त्यातले बरेचसे २०२० सालच्या, त्यातही मोठ्या माणसांच्या अनुभवावर बेतलेले आहेत. त्यानंतर विषाणूने अनेक रूपं बदलली आणि २०२१च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यावर लक्षणांचा तोंडवळाच बदलला.

## म्हणजे काहीच फरक नसतो?

असतो, पण तो झुकतं माप देणारा असतो, निकाल देणारा नाही.

फ्लू बहुधा अचानक येतो. दुपारी खेळत असलेलं मूल संध्याकाळी तापाने फणफणलेलं असतं. ताप १०३-१०४ फॅरनहाइटपर्यंत सहज जातो, हुडहुडी भरते, अंग ठणकतं, डोकं दुखतं. बोलता येणारी मुलं ‘पाय दुखतात’ म्हणतात, न बोलणारी उचललं तरी रडतात. लहान मुलांना फ्लूमध्ये उलट्या, पोटदुखी आणि कधी जुलाबही होतात, त्यामुळे पहिल्या दिवशी काही पालकांना हे पोट बिघडल्याचंच लक्षण वाटतं.

कोविडची सुरुवात अलीकडे जरा हळू होताना दिसते: आधी घसा खवखवणं, नाक वाहणं, शिंका, मग ताप, तोही अनेकदा एक-दोन दिवसच. शाळकरी मुलांमध्ये तर बऱ्याचदा ती सर्दीच वाटते. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला कोविडमध्येही सणसणीत ताप येऊ शकतो, आणि फ्लू झालेलं मूल नुसतं शिंकत हिंडू शकतं. हे अपवाद इतके नेहमीचे आहेत की एकट्या मुलाच्या बाबतीत वरच्या वर्णनावर भिस्त ठेवता येत नाही.

दोन खुणा मात्र लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, ताप उतरत असताना मुलाच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की ते चालायलाच तयार होत नाही किंवा चवड्यांवर चालतं. हा स्नायूंचा दाह फ्लूनंतर, त्यातही बी प्रकारच्या फ्लूनंतर जास्त दिसतो. बहुतेक वेळा तो काही दिवसांत आपोआप जातो, पण लघवी चहाच्या रंगाची झाली तर लगेच दाखवावं लागतं. दुसरी खूण म्हणजे कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना येणारा आवाज. ओमायक्रॉननंतर लहान मुलांच्या कोविडमध्ये हे प्रकार वाढले. तरी असा खोकला इतर विषाणूंमुळेही होतो, तेव्हा ‘भुंकणारा खोकला म्हणजे कोविड’ असं समीकरण मांडू नका.

## वास आणि चव गेली तर कोविड नक्की ना?

मोठ्या मुलाचं नाक मोकळं असूनही त्याला अचानक वास येईनासा झाला तर कोविडचा संशय बळावतो. पण आताच्या कोविडमध्ये हे लक्षण पूर्वीइतकं आढळत नाही, म्हणून ते नसलं तरी काही सिद्ध होत नाही. लहान मुलाला वास येत नाही हे सांगताही येत नाही. आवडीचा पदार्थ ढकलून देणं ही खूण धरावी म्हटलं, तर तापात कोणतंही मूल तेच करतं.

## मग सगळ्यात उपयोगी धागा कोणता?

आजूबाजूला काय चाललं आहे हा. मुलाच्या वर्गात, पाळणाघरात किंवा घरात गेल्या आठवड्याभरात कुणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली असेल, तर त्या माहितीला कोणत्याही लक्षणापेक्षा जास्त वजन आहे. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळही थोडी मदत करतो. फ्लूमध्ये तो १ ते ४ दिवसांचा, बहुतेकदा २ दिवसांचा असतो. कोविडमध्ये आताच्या प्रकारांत तो साधारण ३-४ दिवसांचा दिसतो, क्वचित १४ दिवसांपर्यंत लांबू शकतो. रविवारी भेटलेल्या पाहुण्याला फ्लू निघाला आणि मुलाला मंगळवारी ताप आला, तर हिशेब जुळतो. तोच ताप दहा दिवसांनी आला, तर तो त्या पाहुण्याकडून आलेला फ्लू असणं अवघड आहे.

## ऋतूवरून काही कळतं का?

थोडंफार. थंड प्रदेशांत फ्लूची लाट हिवाळ्यात येते. उष्ण प्रदेशांत ती पावसाळ्यातही येते, आणि काही ठिकाणी फ्लू वर्षभर रेंगाळतो. कोविडच्या लाटा अजून एका ऋतूला बांधल्या गेलेल्या नाहीत, त्या उन्हाळ्यातही येतात.

## या दोघांशिवाय तिसरं काही असू शकतं का?

असू शकतं, आणि हा प्रश्न पालक फार कमी विचारतात. दोन वर्षांखालच्या बाळाला आधी सर्दी, मग छातीत घरघर, सुं-सुं आवाज आणि दूध ओढताना धाप असेल तर आरएसव्ही नावाच्या विषाणूचा विचार करावा लागतो. याखेरीज साध्या सर्दीचे डझनावारी विषाणू आहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ताप आहे पण सर्दी नाही, खोकला नाही, घसा नाही, असं असेल तर कोविड-फ्लूच्या वादात अडकून राहू नका. लहान मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, लघवीचा जंतुसंसर्ग केवळ ताप म्हणून दिसतो. डास जिथे मलेरिया आणि डेंगी पसरवतात, तिथे त्यांचीही तपासणी लागते. मान ताठ होणं, बोटाने किंवा काचेने दाबलं तरी न जाणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर येणं, ही मेंदूज्वराची किंवा रक्तातल्या गंभीर संसर्गाची चिन्हं असू शकतात. अशा मुलाला कोविडच्या टेस्टचा निकाल यायची वाट न बघता रुग्णालयात न्यायचं असतं.

## प्रत्येक तापाला टेस्ट करायलाच हवी का?

नको. माझं मत असं की टेस्टआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: निकाल आल्यावर आपण काही वेगळं करणार आहोत का? चार वर्षांचं धडधाकट मूल आहे, ताप उतरला की खेळतं आहे, पाणी पितं आहे, घरात कुणी नाजूक प्रकृतीचं नाही, तर विषाणूचं नाव कळल्याने त्याच्या उपचारात काडीचाही फरक पडत नाही. दोन्ही आजारांत तेच पॅरासिटामॉल, तेच पाणी, तीच विश्रांती.

नाव कळणं खरोखर महत्त्वाचं ठरतं ते पुढच्या परिस्थितींत. मूल दोन वर्षांहून लहान असेल, किंवा त्याला दमा, हृदयविकार, मधुमेह, मेंदू-मज्जासंस्थेचा आजार, फार लठ्ठपणा किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल, तर फ्लूवरचं औषध लवकर सुरू करण्याचा फायदा मिळू शकतो. मुलाला रुग्णालयात ठेवावं लागत असेल तर टेस्ट होतेच. घरात नवजात बाळ, गरोदर बाई, वयस्कर आजी-आजोबा किंवा कॅन्सरवर उपचार घेणारं कुणी असेल, तर कुणापासून किती दिवस जपायचं हे ठरवता येतं. शिवाय कोविडची नोंद पुढच्या दीड महिन्यासाठी उपयोगी पडते, कारण एक विरळा गुंतागुंतीचा आजार त्यानंतर उद्भवू शकतो. त्याबद्दल खाली आहे.

## कोणती टेस्ट करायची, आणि निगेटिव्ह आली तर काय समजायचं?

रॅपिड अँटिजेन टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, आरटी-पीसीआर जास्त अचूक असते पण वेळ घेते. एकाच नमुन्यातून कोविड, फ्लू ए, फ्लू बी आणि कधी आरएसव्हीही शोधणाऱ्या टेस्ट आता मिळतात. लहान मुलाच्या नाकात एकदाच काडी घालायची असेल तर तीच निवडलेली बरी.

रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती बहुतेक वेळा खरी असते. निगेटिव्हवर मात्र तेवढा विश्वास टाकता येत नाही. फ्लूच्या जुन्या पद्धतीच्या रॅपिड टेस्ट ५० ते ७० टक्के रुग्णच पकडतात, म्हणजे दहांतले तीन ते पाच निसटतात. घरी केलेली कोविडची रॅपिड टेस्ट लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करावी. ताप आल्याच्या पहिल्या काही तासांत कोविडची टेस्ट केली तर विषाणूचं प्रमाण कमी असल्याने ती चुकण्याची शक्यता जास्त. फ्लूमध्ये उलटं, पहिल्या ३-४ दिवसांतच नमुना घेतलेला चांगला.

रक्तातल्या अँटिबॉडीज बघून आत्ताचा आजार कळत नाही. केवळ ‘खात्री करून घेऊ’ म्हणून निरोगी मुलाच्या छातीचा सीटी स्कॅन करण्याचंही काही कारण नाही.

## दोन्ही एकदम होऊ शकतात का?

होऊ शकतात. नेहमीचं नाही, पण दोन्ही साथी एकाच वेळी चालू असताना काही मुलांत दोन्ही सापडतात. अशा मुलाचं निरीक्षण जरा जास्त काळजीने करायचं, एवढंच.

## घरी काय करायचं?

ताप उतरवणं हा उद्देश नसतो, मुलाला बरं वाटावं हा असतो. १०२ ताप असून मूल चित्रं काढत बसलं असेल तर औषधाची घाई नको. १०१ असून कण्हत असेल तर द्या.

पॅरासिटामॉलचा डोस वयावरून नाही, वजनावरून ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. इथे सर्वांत मोठी चूक होते ती बाटलीची. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असू शकतं आणि सिरपही दोन-तीन शक्तींमध्ये येतं. ‘अर्धा चमचा दे’ असं फोनवर सांगणाऱ्याच्या हातातली बाटली तुमच्या हातात असेलच असं नाही. किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे लेबलवर वाचा आणि सोबतच्या मापानेच द्या, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नको. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, तेव्हा नकळत दुप्पट डोस जाणार नाही हे बघा.

आयबुप्रोफेन सहा महिन्यांनंतर चालतं, पण मूल पाणी पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा डेंगीची शक्यता असेल तर ते टाळायचं. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका. फ्लू आणि कांजिण्यांमध्ये ॲस्पिरिनमुळे रेय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूला सूज आणणारा, विरळा पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

अंगावर गार पाणी किंवा स्पिरिट चोळू नका. गार पाण्याने मूल कुडकुडतं, आणि कुडकुडलं की शरीर आणखी उष्णता तयार करतं. जाड पांघरुणंही नकोत.

खाण्याचा आग्रह सोडा, पिण्याचा धरा. दर काही मिनिटांनी दोन-दोन घोट पाणी, ओआरएस, जे मूल घेईल ते. दोन दिवस न जेवल्याने मूल खालावत नाही, दोन दिवस न प्यायल्याने मात्र नक्की खालावतं. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब चालतात. चार वर्षांखाली खोकल्या-सर्दीची मिश्र औषधं नकोत, त्यांचा फायदा सिद्ध नाही आणि गुंगी, धडधड असे त्रास मात्र होतात. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिल्याने खोकला थोडा निवतो. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूही नका, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

## अँटिबायोटिक सुरू करावं का?

दोन्ही आजार विषाणूंचे आहेत, अँटिबायोटिक त्यांना स्पर्शही करत नाही. कानात पू, न्यूमोनिया असा जिवाणूंचा संसर्ग वर चढला असं डॉक्टरांना तपासून वाटलं तरच ते लागतं. मागच्या आजारातली उरलेली बाटली काढणं हा तर शुद्ध जुगार आहे. नाकातला शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढंही कारण पुरेसं नाही.

## फ्लूवर आणि कोविडवर खास औषधं नाहीत का?

फ्लूवर ओसेल्टामिविर आहे. अगदी लहान बाळांनाही वजनाच्या हिशेबाने देता येतं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिलं तर त्याचा फायदा जास्त, आणि निरोगी मुलात तो फायदा म्हणजे आजार साधारण एक दिवसाने कमी होणं. काही मुलांना त्याने उलट्या होतात. म्हणून प्रत्येक फ्लूला ते हवंच असं नाही. मात्र जोखमीच्या गटातल्या मुलात किंवा प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर टेस्टच्या निकालाची वाट न बघता, प्रसंगी ४८ तास उलटून गेल्यावरही, ते सुरू करतात. ‘आज ताप आला आहे, उद्या-परवा बघू’ हे जोखमीच्या मुलाच्या बाबतीत परवडत नाही ते याचमुळे.

हे औषध कोविडवर चालत नाही. कोविडसाठीची विषाणूविरोधी औषधं मुलांमध्ये क्वचितच, रुग्णालयात किंवा फार जोखीम असेल तरच वापरतात. मोठ्यांसाठी लिहून दिलेल्या कोविडच्या गोळ्या, स्टिरॉइड वगैरे मुलांना घरच्या घरी देणं धोक्याचं आहे.

## कधी ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. इथे कोविड की फ्लू हा प्रश्नच गौण आहे.

श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, शक्यतो ताप थोडा उतरल्यावर, छाती-पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर श्वास वेगवान आहे. त्याच वेळी बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते आहे का, पोट उडतं आहे का, नाकपुड्या फुलतात का, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो का, ते बघा. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर मोजत बसू नका, निघा.

दुसरं, पाणी आणि लघवी. आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, बाळाची टाळू खोल गेलेली, किंवा घोटाघोटाला उलटी होते आहे, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं.

तिसरं, मुलाचं भान. ताप असताना सगळीच मुलं मलूल असतात. औषधाने ताप उतरल्यावरही मूल तुमच्याकडे बघत नाही, ओळखत नाही, उठवलं तरी पुन्हा निपचित पडतं, असंबद्ध बोलतं किंवा शांत करताच येत नाही, हे वेगळं आहे. फ्लूमध्ये क्वचित मेंदूला सूज येते, तिची सुरुवात अशीच असते.

आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापातली आकडी बहुतेकदा पाच मिनिटांच्या आत थांबते आणि पुढे काही इजा ठेवत नाही. तरीही पहिल्या आकडीनंतर दाखवायचंच, आणि पाच मिनिटांवर गेली तर ॲम्ब्युलन्स बोलवायची.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर बाकी काही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टर. मोठ्या मुलांतही ताप तीन दिवसांवर टिकला तर दाखवा.

## बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू का?

मोठ्या मुलाच्या उबदार, स्थिर बोटावर तो बरा चालतो. घरगुती यंत्रं मोठ्यांच्या बोटांच्या मापाने बनवलेली असतात, त्यामुळे दोन वर्षांच्या वळवळणाऱ्या मुलाच्या बोटावर ती ८५ही दाखवतील आणि ९९ही. आकडा सलग ९४च्या खाली राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पण आकडा चांगला आहे आणि मूल धापा टाकतं आहे, तर मुलावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही.

## ताप उतरला होता, पुन्हा चढला. हे काय?

एक-दोन दिवस बरं जाऊन पुन्हा ताप चढणं, खोकला वाढणं, हे फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं. ‘व्हायरल आहे, जाईल’ म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका. नव्याने तपासणी हवी.

## कोविडनंतर काही आठवड्यांनी येणारा तो आजार कोणता?

एमआयएस-सी. कोविड झाल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणा भलतीच चेतते आणि हृदय, रक्तवाहिन्या, पोट, त्वचा अशा अनेक अवयवांना सूज येते. २०२०च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी याबद्दल पहिला इशारा दिला. सलग ताप, लाल पण पू नसलेले डोळे, अंगावर पुरळ, लालभडक ओठ, पोटात जोरात दुखणं, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं असतात. पोटदुखीमुळे सुरुवातीला अपेंडिक्सचाही संशय येतो. मूळ कोविड इतका सौम्य असू शकतो की घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो, म्हणून ‘गेल्या दीड महिन्यात घरात कुणाला सर्दी-ताप होता का’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ओमायक्रॉननंतर हा आजार बराच विरळ झाला आहे आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. फ्लूनंतर असा आजार होण्याचा प्रकार नाही.

## दोघांपैकी जास्त धोकादायक कोण?

शाळकरी, निरोगी मुलाला दोन्हींतून बहुधा आठवड्याभरात बरं वाटतं, खोकला तेवढा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. कोविडची भीती मनात इतकी बसली की फ्लू अगदीच किरकोळ वाटू लागला, हे काही खरं नाही. पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांखालच्या मुलांना फ्लू दर वर्षी रुग्णालयात पोहोचवतो, आणि त्यातली काही मुलं त्याआधी पूर्ण निरोगी असतात. कोविडमध्ये मुलांपैकी सर्वांत जपायचं ते सहा महिन्यांखालच्या बाळांना आणि जुने आजार असलेल्यांना. काही आठवडे किंवा महिने टिकणारा थकवा, डोकेदुखी असा लाँग कोविड मुलांत मोठ्यांपेक्षा कमी दिसतो, पण दिसतो.

## स्वाइन फ्लू हा यातला कोणता?

फ्लूच. २००९ साली जगभर साथ आणणारा एच१एन१ विषाणू आता दर वर्षीच्या हंगामी फ्लूचाच भाग झाला आहे. रिपोर्टवर हे नाव दिसलं म्हणून उपचार बदलत नाहीत.

## आईला झालं असेल तर अंगावर पाजायचं का?

पाजायचं. दोन्ही विषाणू दुधातून पसरल्याचा पुरावा नाही, उलट दुधातून प्रतिपिंडं मिळतात. पाजताना आईने मास्क लावावा, आधी हात धुवावेत. बाळाला मात्र मास्क लावू नका. दोन वर्षांखाली गुदमरण्याचा धोका असतो.

## शाळेत कधी पाठवायचं? पुन्हा टेस्ट करायची का?

औषध न देता सलग २४ तास ताप नाही आणि एकूण तब्येत सुधारते आहे, ही दोन्ही आजारांसाठी किमान अट. सकाळी पॅरासिटामॉल पाजून शाळेत सोडणं म्हणजे वर्गभर आजार वाटणं. फ्लू लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे ५-७ दिवस पसरतो, लहान मुलांत त्याहून जास्त दिवस. कोविड लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून साधारण ८-१० दिवसांपर्यंत. म्हणून शाळा सुरू झाली तरी पुढचे पाच दिवस आजी-आजोबांच्या कुशीत झोपणं, एका ताटात जेवणं थांबवलेलं बरं. मोठ्या मुलाला त्या दिवसांत मास्क लावता येतो.

बरं झाल्याची खात्री म्हणून आरटी-पीसीआर पुन्हा करू नका. मेलेल्या विषाणूंचे अवशेष कित्येक आठवडे सापडत राहतात आणि ठणठणीत मूल उगाच घरात बसतं.

## लस कोणती आणि कधी?

फ्लूची लस सहा महिने पूर्ण झाल्यावर देता येते आणि ती दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू सतत थोडा-थोडा बदलतो आणि लसीचं सूत्र त्यानुसार नव्याने ठरतं. नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. दुसरा डोस विसरणं फार सर्रास घडतं, कॅलेंडरवर लिहून ठेवा. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून साथ यायच्या आधी घ्यायची. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही. दंड दुखणं, दिवसभर कणकण इतकंच. बी प्रकारातली यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात आढळलेली नाही, त्यामुळे पूर्वीच्या चारऐवजी आता तीन घटकांची लस दिसली तर ती कमी दर्जाची समजू नका.

कोविडच्या लसीबाबत देशादेशांचे नियम वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये निरोगी मुलांना कमी प्राधान्याच्या गटात ठेवलं, तर जोखमीचे आजार असलेल्या मुलांना वरच्या. तुमचं मूल दुसऱ्या गटातलं असेल तर डॉक्टरांशी बोला. फ्लूची लस कोविडपासून वाचवत नाही, कोविडची फ्लूपासून नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याच्या वाट्याचं संरक्षण आईने गरोदरपणात लस घेतली तर नाळेतून त्याला मिळतं, आणि घरातल्या बाकीच्यांनी घेतली तर आजार त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अरुंद होते.